राष्ट्रापलीकडची घटना आणि सीमाभागातला नागरिक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अनेक राष्ट्रांनी मिळून केलेल्या घटनेला लोकमान्यता कुठून मिळते, हा प्रश्न युरोपचा असला तरी बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. युरोपीय संघाच्या घटनात्मक करारावर २९ ऑक्टोबर २००४ रोजी रोममध्ये सह्या झाल्या. पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी सार्वमतात तो फेटाळला. फ्रान्समध्ये ४४८ कलमांचा तो मसुदा मतदारांना घरपोच पाठवला होता, त्यावर घरोघरी वाद झडले आणि सुमारे ५५ टक्के मते विरोधात पडली. तरीही त्यातला बराचसा आशय २००७ च्या लिस्बन करारातून परत आला. त्या वेळी सार्वमत एकट्या आयर्लंडने घेतले, आणि तिथे २००८ मध्ये नकार आल्यावर २००९ मध्ये लोकांना पुन्हा विचारले गेले. लोकांच्या नकाराला असा वळसा घालणे मला गैर वाटते.

मात्र युरोपात एकसंध लोकसमाज नाही, म्हणून तिथे राष्ट्रापलीकडची लोकशाही अशक्यच, हे मला पटत नाही. आपल्या संविधान सभेपुढे तरी एकभाषी समाज कुठे होता? तिचे बहुतेक सदस्य मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी पाठवले होते आणि संविधानावर सार्वमतही झाले नाही. पण फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, त्यावर हजारो दुरुस्त्या आल्या आणि १९५१-५२ मध्ये प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क बजावता आला. लोकांच्या या विचारपुशीतून संविधानाला मान्यता आली, असे माझे मत आहे.

सीमाभागाच्या वाट्याला नेमकी हीच विचारपूस आली नाही. संविधानाच्या कलम ३ नुसार राज्याची सीमा बदलताना संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, तेही संसदेवर बंधनकारक नसते. ज्या गावांचे राज्य बदलणार त्यांना विचारण्याची तरतूदच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलो ते असेच.

दुसरी गोष्ट उत्तराची. युरोपीय नागरिकाला संघाच्या संस्थांशी संघाच्या करारात नमूद केलेल्या कोणत्याही भाषेत पत्रव्यवहार करून त्याच भाषेत उत्तर मिळवण्याचा हक्क आहे. (स्पेनच्या काही भागांत बोलली जाणारी कॅटलान ही संघाची अधिकृत भाषा नाही, ही तिथली उणीव.) आपले कलम ३५० संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडू देते, पण उत्तर कोणत्या भाषेत यावे याविषयी काही सांगत नाही. आमच्याकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने वारसा नोंदीसाठी मराठीत अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मात्र कन्नडमध्ये आले आणि ते वाचून घ्यायला त्यांना गल्लीतल्या शाळकरी मुलीला बोलवावे लागले. कन्नडशी आमचे वैर नाही. शासनाने आपल्याला काय कळवले ते स्वतः वाचता यावे, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून कलम ३५० मध्ये अर्जाच्याच भाषेत उत्तर देण्याचे बंधन घालावे आणि कलम ३ खालील कोणत्याही विधेयकापूर्वी त्या भागातल्या ग्रामसभांचे मत नोंदवून ते संसदेपुढे ठेवावे. सीमाभागातल्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी एकत्र लावून धरावी, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)