पाइप ऑर्गनच्या दुरुस्तीत चामड्याऐवजी रेक्झिन वापरल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वाद्यदुरुस्ती विभाग

महोदय,

तुम्ही दुरुस्त केलेला आमच्या चर्चमधला ऑर्गन गेली 22 वर्षे मी वाजवते. मागच्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मंडळी गुडघे टेकून होती. मी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले, तरी एक नळी वाजतच राहिली. पाळकसाहेब प्रार्थना थांबवून माझ्याकडे बघू लागले. शेवटी ब्लोअर (नळ्यांना वारा पुरवणारा पंखा) बंद केला आणि उरलेली गीते वाद्याशिवाय म्हटली.

उपासना संपल्यावर फळी उघडली. वारा अडवणारी झडप पुरती मिटत नव्हती, कारण तिच्यावरची पट्टी एका कडेने सुटून लोंबत होती. हात लावला तर रेक्झिन! भात्याच्या घड्यांनाही तेच, पांढऱ्या सिंथेटिक गोंदाने चिकटवलेले. तुमच्या कोटेशनमध्ये ‘मेंढीचे चामडे व सरस’ (सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) असे लिहिले आहे आणि पैसेही त्याचेच लावले आहेत.

सरस गरम पाण्याने, वाफेने सुटतो. पुढचा कारागीर जुने चामडे अलगद काढून नवे बसवू शकतो. तुमचा गोंद काढायचा तर मूळ लाकूड तासावे लागेल. मला सगळ्यात जास्त याचे वाईट वाटते.

फोनवर तुमचे सुपरवायझर म्हणाले, ‘आपल्या दमट हवेत चामडे टिकत नाही.’ फिलिपाइन्समध्ये लास पिन्यास इथे 1824 मध्ये पूर्ण झालेला ऑर्गन आहे, त्याच्या 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या. 1973 मध्ये तो दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला क्लाइस या ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीकडे नेला, तेव्हा त्यांनी तिकडच्यासारखी उष्ण, दमट हवा राखलेली खोली तयार करून त्यात काम केले. 1975 मध्ये तो परत आला, तिथल्या दमट हवेत आजही वाजतो. दमट हवेची अडचण होती तर ती कोटेशन देतानाच सांगायची.

ट्यूनिंगचेही तसेच. तुमच्या माणसांनी भाड्याचे एसी लावून सूर जुळवले. आमच्या चर्चमध्ये एसी नाही. हवा 10 अंशांनी तापली की साध्या नळ्यांचा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने चढतो, पितळी जिभेच्या नळ्या मात्र जागच्या फारशा हलत नाहीत. दोन्ही स्टॉप (नळ्यांचे संच) एकत्र उघडले की कान किटतात.

हे पैसे दोन वर्षांच्या कापणीच्या सणातल्या लिलावाचे आहेत. लोकांनी भोपळे, नारळ, कोंबड्या दुप्पट बोली लावून घेतल्या, ऑर्गन पुन्हा वाजावा म्हणून.

तरी 15 दिवसांत भाता आणि झडपा कोटेशनप्रमाणे चामडे व सरस वापरून स्वखर्चाने कराव्यात, ट्यूनिंग उपासनेच्या वेळच्या तापमानाला करावे आणि वर्कशॉपमध्ये ठेवून घेतलेल्या 3 जुन्या नळ्या परत कराव्यात. गोंद काढताना मी स्वतः हजर राहीन. तोवर उरलेले बिल चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने रोखले आहे. मुदतीत काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. कोटेशन, पावत्या आणि सुटलेल्या पट्टीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
ऑर्गनवादक, पास्टरेट कमिटीच्या वतीने