रविवारची कॅबरे तालीम, सगळ्यांनी वाचा

मंडळी, रविवारी संध्याकाळी ५ ला नेहमीच्याच हॉलवर तालीम आहे, वेळेत या प्लीज. कॅबरे म्हटलं की घरच्यांना हेलनचा डान्सच आठवतो, पण १८८१ ला पॅरिसमध्ये ल शा न्वार नावाचं कॅबरेचं ठिकाण सुरू झालं, तिथे कवी, गाणारे समोर टेबलाशी बसलेल्यांना आपलं काम ऐकवायचे आणि आपल्याला तेच शिकायचंय. प्रत्येकाने तीन गाणी आणि त्यांच्या मधलं बोलणं लिहून आणा, खरी मेहनत त्या बोलण्यातच आहे, नुसतं पाठ केलेलं लगेच कळतं. गाताना नजर समोरच्या एका माणसावर ठेवायची, भिंतीवर नको. पट्टी काळी दोन की पांढरी चार, ते पेटीवाल्या काकांना शुक्रवारपर्यंत कळवा. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत नाटक उभं केलं, आपलंपण जमणार. माधवनगरवाल्यांनी मिळून रिक्षा करा.