वसईच्या मावशींना उघड पत्र

प्रिय मावशी,

तोंडावर आभार मानले असते तर "चल, काहीतरीच!" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

२४ डिसेंबरची रात्र. गाड्या पुढे सरकेनात, वसई रोड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. माझ्या कडेवर तापाने फणफणलेली लेक, शेजारी गुडघे धरून बसलेली आई. "कुठे जायचंय?" तुम्ही विचारलंत. घोलवड म्हटल्यावर म्हणालात, "आज काही खरं नाही. घरी चला." आम्ही नको नको करत राहिलो. तुम्ही आईची पिशवी उचललीत आणि रिक्षाकडे चालू लागलात. सणाची रात्र, घरात सगळ्यांची चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, जायची गडबड, आणि त्यात आम्ही तिघी अनोळखी!

लेकीला मऊ भात भरवता भरवता तुम्ही तिला मार्टिन चांभाराची गोष्ट सांगितलीत. तळघरातली एकच खिडकी, तिच्यातून त्याला दिसतात फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय, आणि स्वतः शिवलेल्या बुटांवरून तो माणसं ओळखतो. उद्या मी येईन, असं देवाने सांगितलेलं, म्हणून तो दिवसभर वाट बघतो. येतात ते बर्फ उपसून दमलेला म्हातारा शिपाई आणि कडाक्याच्या थंडीत उन्हाळी कपड्यांतली, तान्हं बाळ घेतलेली बाई. "मग देव आलाच नाही?" लेकीने विचारलं. "आधी घास संपव," तुम्ही म्हणालात.

घरी आल्यावर ती गोष्ट शोधून वाचली. लिओ टॉलस्टॉयने १८८५ मध्ये लिहिलेली. तिचं मूळ मार्सेयच्या एका म्हाताऱ्या चांभारावरच्या फ्रेंच नाताळकथेत आहे. शेवटी रात्री मार्टिनला कोपऱ्यात तीच माणसं दिसतात आणि बायबलमधल्या शुभवर्तमानात तो वाचतो, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं. सगळे याच शेवटाबद्दल बोलतात. माझा जीव मात्र त्याआधीच्या एका जागेत अडकलाय. शिपाई चहा संपवतो, ग्लास पालथा घालतो, उरलेला साखरेचा खडा त्यावर ठेवतो आणि आभार मानतो. पुरे झालं, असं सांगायची ती रीत. पण त्याची नजर मार्टिनला कळते, आणि तो पुन्हा चहा ओततो.

वाचताना मला तुम्ही दिसलात. आईने "पोट भरलं" म्हणून ताट सरकवलं, तेव्हा काही न विचारता तुम्ही पुन्हा भात वाढलात, वर तूप सोडलंत. सकाळपासून डॉक्टरांकडच्या रांगेत ती उपाशी होती, हे आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. भुकेल्याला वाढणारे पुष्कळ असतील, मावशी. पण मागायला लाजणाऱ्याची भूक ओळखायची आणि त्याला मिंधं वाटू द्यायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं. आई त्या घरात संकोच विसरून जेवली, यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

निघताना फोन नंबर मागितला, तर म्हणालात, "कशाला? घर माहीत झालं ना आता!" लेक ठणठणीत बरी आहे. तिला पांघरलेली तुमची शाल धुऊन ठेवलीय. येत्या रविवारी चिकूंची पेटी घेऊन आम्ही तिघी येतोय. आईला तुमच्याशी निवांत गप्पा मारायच्यात.

तुमची,
घोलवडची लेक