न्यूट्रिनोची ऊर्जा मोजत नाहीत, काढतात

महोदय,

न्यूट्रिनो म्हणजे सहसा कशालाच न धडकणारे सूक्ष्म कण. त्यांचा झोत शेकडो किलोमीटर दूर पाठवणाऱ्या टी-टू-के (जपान) आणि नोव्हा (अमेरिका) या प्रयोगांच्या एकत्रित निष्कर्षांवरची बातमी कालच्या अंकात वाचली. या विषयाला अर्धे पान दिलेत, याचा आनंद झाला. पण ‘न्यूट्रिनोची ऊर्जा अचूक मोजून’ या शब्दांशी आले आणि अडखळले. ती कोणी मोजत नाही. झोतातला प्रत्येक न्यूट्रिनो वेगळ्या ऊर्जेचा असतो आणि तो दिसत तर नाहीच. त्याने अणुगर्भाला धडक दिली की बहुतेकदा म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) बाहेर पडतो, कधी आणखी काही कण. त्यांच्यावरून ऊर्जेचा हिशोब उलटा मांडायचा. त्यासाठी अणुगर्भात काय घडले असेल हे आधी गृहीत धरावे लागते. आत तयार झालेला पायॉन नावाचा कण आतच शोषला गेला, न्यूट्रॉन निसटला, तर हिशोब चुकतो. वाटेत न्यूट्रिनोचा प्रकार किती बदलतो, हे अंतर आणि ऊर्जा यांवर ठरते. टी-टू-केचे तोकाई ते कामिओका २९५ किलोमीटर, नोव्हाचे फर्मीलॅब ते अ‍ॅश रिव्हर ८१० किलोमीटर, ही अंतरे पक्की आहेत. कच्ची आहे ती ऊर्जाच.

हे मला कळते, कारण माझी लेक पीएच.डी.पासून हेच काम करते आहे. मागच्या वर्षी एका संस्थेत तिची मुलाखत झाली. समितीतल्या एकांनी विचारले, “हे ठीक आहे, पण न्यूट्रिनोबद्दल तुम्ही स्वतः काय शोधलंत?” रात्री तिचा फोन आला. “आई, मी टायटॅनियमचं सांगायला घेतलं तर म्हणाले, वेळ संपली.”

ते टायटॅनियमचे मी सांगते. अमेरिकेत उभा राहणारा ड्यून हा न्यूट्रिनो प्रयोग द्रवरूप आर्गॉन वापरणार आहे. आर्गॉनच्या अणुगर्भात १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन. न्यूट्रिनोची गाठ बहुतेकदा न्यूट्रॉनशी पडते, पण इलेक्ट्रॉनचा मारा करून न्यूट्रॉन नीट चाचपता येत नाहीत, प्रोटॉन येतात. टायटॅनियममध्ये प्रोटॉन बरोबर २२. म्हणून अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये आर्गॉनबरोबर टायटॅनियमवरही इलेक्ट्रॉन सोडले, की त्याच्या प्रोटॉनवरून आर्गॉनच्या न्यूट्रॉनांचा अंदाज यावा. ज्यांना ही युक्ती सुचली त्यांनी काही शोधले नाही, असे कोणी म्हणेल का? तिथल्याच दुसऱ्या एका कामात इलेक्ट्रॉनची ऊर्जा आधीच ठाऊक होती. तीच ऊर्जा न्यूट्रिनोवाल्यांच्या पद्धतीने काढून पाहिली, तर थोड्याच टकरींत उत्तर बरोबर आले. हे २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले आहे.

झोत निघतो तिथेच एक आणि दूर एक, असे दोन डिटेक्टर असतात. त्यातल्या जवळच्या डिटेक्टरमुळे चुका ‘रद्द होतात’ असेही बातमीत आहे. काही होतात, सगळ्या नाही. दूर पोचेपर्यंत काही न्यूट्रिनोंचा प्रकार बदललेला असतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणी ऊर्जेची वाटणी सारखी राहत नाही. गृहीत धरलेलेच कसे चुकते, याचे उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या मिनीबून या न्यूट्रिनो प्रयोगात कार्बनवरच्या टकरी अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या होत्या. न्यूट्रिनो अणुगर्भातल्या एका कणाऐवजी कणांच्या जोडीलाही धडकतो, हे ध्यानात घेतल्यावर तो आकडा जुळू लागला. तोवर जुने मॉडेल पुरेसे आहे असेच बहुतेकजण धरून चालले होते.

आणि शीर्षक? ‘विश्वात द्रव्यच का उरले, याचे उत्तर सापडले’. नाही सापडले. न्यूट्रिनो आणि त्यांचे प्रतिद्रव्यातले जोडीदार, प्रतिन्यूट्रिनो, वेगळे वागत असतील तर तो या कोड्याचा एक धागा ठरू शकतो, एवढेच. न्यूट्रिनोंची वस्तुमाने तीन, त्यांत कोणते जड आणि कोणते हलके हा त्यांचा क्रम. तो उलटा असेल तर न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे वागतात असे हे निष्कर्ष सुचवतात. क्रम सरळ असेल तर तसे काहीच ठामपणे म्हणता येत नाही, आणि क्रम कोणता हे अजून ठरायचे आहे. ही ‘जर’ गाळली की त्या ‘जर’वर राबणारी माणसेही गाळली जातात. मग मुलाखतीत प्रश्न येतो, तुम्ही काय शोधलंत.

जाता जाता, छायाचित्राखाली ‘अमेरिकेतील नोव्हा’ असे छापले आहे. सोनेरी काचगोळ्यांची ती टाकी जपानमधल्या सुपर-कामिओकांदेची आहे, ५० हजार टन पाण्याची. नोव्हात प्लास्टिकच्या लांब नळ्यांत प्रकाश देणारा द्रव भरलेला असतो, तिथे असे गोळे नाहीत. शीर्षक आता बदलता येणार नाही, पण ही ओळ उद्याच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा