ड्रायव्हर तपासून देणाऱ्या दादांना नागपूरहून पत्र

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लिनक्स ड्रायव्हरच्या (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या) प्रोब फंक्शनवर, म्हणजे उपकरण सापडल्यावर ड्रायव्हर उभा करणाऱ्या भागावर, तुम्ही ओळीगणिक शेरे लिहून दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण पारसोडीच्या आयटी पार्कात लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) नुकताच हात घालणाऱ्या पोरांना यातलं बरंच लागेल.

एरर पाथमधले, म्हणजे मेमरी मिळाली नाही तर चालणाऱ्या कोडमधले, बग वर्षानुवर्षं का लपून राहतात, हे तुमच्या पहिल्याच शेऱ्यात होतं. जीएफपी कर्नलने (थांबायची मुभा देऊन) ४ केबीची आठ पानं, म्हणजे ३२ केबीपर्यंत मेमरी मागितली, तर कर्नल सहसा ‘नाही’ म्हणतच नाही. जुनी पानं मोकळी करतो, थांबतो, वेळ आली तर एखादी प्रोसेसही मारतो. त्यामुळे नल (मेमरी न मिळाल्याचा रिकामा पत्ता) आल्यानंतरचा कोड टेस्टिंगमध्ये चालतच नाही. स्पिनलॉक (धरलेला असताना झोपता न येणारं कुलूप) धरून जीएफपी अ‍ॅटॉमिकने मागितलं की थांबायची सोय नसते, तिथे नल खरोखर येतो.

गोटूच्या (कोडमध्ये थेट उडी मारणाऱ्या आज्ञेच्या) लेबलांवरचा शेरा तर छापून भिंतीवर लावावा असा. एकच लेबल ठेवून तिथे आधी आतला बफर आणि मग स्ट्रक्चर केफ्री केलं (त्यांची मेमरी सोडली), की स्ट्रक्चरच मिळालं नसेल तेव्हा मशीन ऊप्स (कर्नलमधल्या गंभीर चुकीचा इशारा) देतं. केफ्रीला नल चालतो, स्ट्रक्चरच्या आत पोचवणाऱ्या बाणाला (->) चालत नाही. म्हणून घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडायचं, प्रत्येक पायरीला वेगळं लेबल, आणि ते काय सोडतं त्यावरून त्याचं नाव. उडी मारण्याआधी परतीच्या व्हेरिएबलमध्ये उणे ईनोमेम (‘मेमरी नाही’ हा एरर कोड) भरायचं. राहिलं तर शून्य परत जातं आणि अर्धवट उभा ड्रायव्हर पास ठरतो.

मेमरी मागणाऱ्या के-मॅलॉकचं उत्तर इज-एररने (पत्त्यात दडलेला एरर कोड ओळखणाऱ्या तपासणीने) तपासू नये, हेही पटलं. ते फक्त शेवटचे ४०९५ पत्ते बघतं. नल त्यातून सहज निसटतो.

सगळ्यात मोलाचं फेलस्लॅब, म्हणजे मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारी कर्नलची सोय. टास्कच्या फेल-एन्थ फाइलमध्ये १ लिहायचा, मग २, मग ३; तितक्यावी मागणी मुद्दाम फसते. पण थांबू शकणाऱ्या मागण्या वगळणारं इग्नोर-जीएफपी-वेट मुळात ‘वाय’ असतं. ते ‘एन’ केलं नाही तर जीएफपी कर्नलची मागणी फसतच नाही, आणि आपण टेस्ट पास म्हणून खूश! वर्कक्यूचं (नंतर करायला रांगेत टाकलेलं) काम दुसऱ्या थ्रेडवर चालतं, तिथे ही युक्ती पोचत नाही. प्रत्येक फेरीनंतर के-मेमलीकचा (सोडायची राहिलेली मेमरी शोधणाऱ्या साधनाचा) स्कॅन, तोही जरा थांबून. पाच सेकंदांच्या आतली मेमरी तो धरत नाही.

सस्पेंड-रिझ्यूमचा (मशीन झोपवण्या-उठवण्याचा) पॅच तयार आहे. बघाल ना? तर्री-पोहे आमच्याकडे लागले.

आपली,
ड्रायव्हरवाली मंडळी, नागपूर