एशूला सैतान म्हणू नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत ब्राझीलच्या कार्निव्हलवर आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यात एशूची ओळख 'आफ्रिकेतला सैतान' अशी दोन शब्दांत उरकली आहे. चूक एकट्या लेखकाची नाही, ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. म्हणून हे पत्र.

एशू हा नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि शेजारच्या बेनिनमधल्या योरुबा लोकांचा देव. काम निरोप्याचे. माणसांनी ठेवलेला नैवेद्य वर पोचवायचा तो यानेच, त्यामुळे पूजा कुठल्याही देवाची असो, आधी याचा वाटा काढायचा. बसतो तिठ्यावर आणि बाजारात. इफाचा (योरुबांच्या भविष्य पाहण्याच्या पद्धतीचा) कौल घेताना जे लाकडी ताट मांडतात, त्याच्या काठावर कोरलेला चेहरा याचाच. खोडकर इतका, की आज फेकलेल्या दगडाने त्याने काल पक्षी मारला, असे त्याच्या स्तुतीत म्हणतात!

त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. दोन जिवलग मित्रांची शेते लागून होती. मैत्रीच्या आणाभाका घेताना दोघे एशूला विसरले. मग तो एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळी टोपी घालून बांधावरून चालत गेला. एकाने लाल पाहिली, दुसऱ्याने काळी, आणि दोघे एकमेकांच्या जिवावर उठले. (बांधावरून भांडायला आपल्याकडे देवाचीही गरज पडत नाही, ते सोडा.) यात दुष्टपणा शोधणाऱ्याने आपल्या कळलाव्या नारदालाही मग त्याच रांगेत उभे करावे. योरुबांच्या धर्मात परमेश्वर ओलोदुमारेशी वैर धरणारा सैतान मुळात नाहीच. एशू तर त्याच्याच चाकरीत आहे.

मग सैतान आला कुठून? भाषांतरातून. बायबल योरुबात नेताना सैतानासाठी 'एशू' हा शब्द योजला गेला. हे भाषांतर प्रामुख्याने सॅम्युएल अजायी क्राउदर यांच्या हातचे. ते स्वतः योरुबा. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, १८२२ मध्ये इंग्रजी आरमाराने जहाजातून सोडवले, आणि १८६४ मध्ये ते बिशप झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही, पण त्या एका शब्दाने गावोगावच्या देवाला शिवी करून टाकले.

गुलामांच्या जहाजांतून एशू अटलांटिकपार गेला. क्युबात तो एलेग्वा झाला: दाराआड ठेवलेले सिमेंटचे डोके, कवड्यांचे डोळे, कवड्यांचेच तोंड, आणि पोर समजून त्याला गोळ्या-खेळणी देतात. हैतीत त्याचा भाऊबंद पापा लेग्बा काठी टेकत येणारा म्हातारा आहे, त्याने फाटक उघडल्याखेरीज बाकीचे देव येत नाहीत. ब्राझीलमध्ये मात्र शिंगे आणि त्रिशूळ चिकटले. तरीही २०२२ मध्ये रिओच्या कार्निव्हलमध्ये 'ग्रांडे रिओ' या सांबा पथकाने एशूचाच विषय घेऊन आपले पहिले विजेतेपद मिळवले. आपल्या लेखातले छायाचित्र त्याच मिरवणुकीचे असेल, तर त्याखालची ओळ फारच उलटी पडली आहे.

मला हे लागले त्याला कारण आहे. मी सावंतवाडीकडचा. आमच्याकडे देवचार म्हणजे गावाचा राखणदार, रात्री काठी आपटत वेशीवरून फिरणारा. त्याला रोट, विडी, दारूही ठेवतात. ब्राझीलमध्ये एशूला उसाची दारू आणि चिरूट ठेवतात हे वाचले तेव्हा हसू आले होते. तिकडे गोव्यात ख्रिस्ती कोकणीत 'देवचार' या शब्दाचा अर्थ सैतान. माझी आजी रात्री वाटेला लागताना ज्याला हात जोडायची, तोच हा.

खुलासा छापणार असाल तर 'निरोप्या देव एशू' एवढेच लिहावे. कंसात काही नको.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी