भाऊ, तुमची यादी दोन मतांनी चुकली

भाऊ,

तोंडावर आभार मानले की तुम्ही पंख्याचं बटण शोधायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. दुसरंही कारण आहे. आपल्या पक्षाच्या शहराध्यक्षपदाच्या निकालानंतर पुण्याच्या पेठांमधून एक कुजबूज फिरतेय, की पक्षाच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्याने, म्हणजे तुम्ही, ताईंना, म्हणजे मला, मतदारांची यादी फोडली. यादी फोडली नाही. मी रीतसर अर्ज केला, तुम्ही पोच दिलीत, झेरॉक्सचे पैसे मी दिले. आपल्या पक्षाच्या घटनेप्रमाणे कुणाही उमेदवाराला ती मागता येते. आजवर कुणी मागितली नाही, एवढाच काय तो गुन्हा.

त्या शनिवारी भिडे पूल पाण्याखाली होता. अलका टॉकीजच्या चौकात अर्धा तास अडकून, भिजून मी ऑफिसात पोचले. वर कुणी नव्हतं. गळतीखाली बादली, त्यात टपटप, आणि तुम्ही गोदरेजच्या कपाटापाशी इतिवृत्ताच्या जुन्या वह्या चाळत होतात. मी विचारलं, "भाऊ, शहराध्यक्षपदाला उभी राहू का?" तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. एक वही उघडून माझ्यापुढे सरकवलीत.

पान होतं मागच्या निवडीचं. निरीक्षक आले, सभा झाली, एक ओळीचा ठराव: नवीन शहराध्यक्ष निवडण्याचे सर्वाधिकार माननीय प्रदेशाध्यक्षांना देण्यात येत आहेत. सूचक, अनुमोदक, टाळ्या, आभार. त्याआधीच्या वहीत तीच ओळ. त्याच्याही आधीच्या वहीत तीच. "पाच वेळा अक्षर माझं आहे," तुम्ही म्हणालात, "निर्णय कुणाचा ते विचारू नका."

तोपर्यंत मी स्वतःला भलताच प्रश्न विचारत होते: मी लायक आहे का, घरचं कसं होईल, आत्ताच का. खरा प्रश्न त्या ओळीत होता. सभेत तो ठराव वाचला जाईल तेव्हा मी हात वर करून "माझा विरोध आहे, मतदान घ्या" म्हणणार का? उभं राहणं म्हणजे एवढंच. बाकी सगळं बॅनर.

मग यादी. 143 नावं. तुमचं बोट एकेका नावावरून फिरत होतं आणि पहिल्याच पानावर थांबलं. "हे गेले. दिवाळीत." पुढच्या पानावर आणखी दोघं, शेवटी एक. चौघं गेलेले, पण मतदार म्हणून ठणठणीत. एकाच्या तर तेराव्याला मी स्वतः गेले होते, आणि घरी माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे 'आपले' असं लिहिलेलं होतं. हसू की रडू कळेना.

तुम्ही रकाने तीन पाडलेत. पहिल्यात सरळ हो म्हणणारे. दुसऱ्यात "बघू" म्हणणारे. तिसऱ्यात "ताई, तुमच्याशिवाय आहेच कोण!" म्हणणारे. आणि तिसऱ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढलीत. मी भांडले. त्यात माझ्या प्रभागातले लोक होते, पाणी येत नव्हतं तेव्हा टँकरमागे माझ्याबरोबर धावलेले. तुम्ही म्हणालात, टँकरला धावणं वेगळं आणि शहराध्यक्षांच्या माणसांसमोर चिठ्ठी टाकणं वेगळं. पहिल्या रकान्यात 36 उरले. खाली आकडा लिहून त्याला गोल केलात. 36 म्हणजे पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय. "उभं राहायचं की नाही ते नंतर बघू. पडल्यावर दुसऱ्या दिवशी याच जिन्याने वर याल का, ते आधी सांगा."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तुम्ही चहा सांगितलात आणि तो येईपर्यंत तुमच्या आवडत्या विषयावर घसरलात. 1950 सालची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक. पुरुषोत्तमदास टंडनांना 1306 मतं, आचार्य कृपलानींना 1092 आणि आपल्या शंकरराव देवांना 202. लोकांना टंडन आठवतात, कारण नेहरूंशी त्यांचं वाजलं. देव त्या शर्यतीत होते हे इथे पुण्यातही कुणाच्या लक्षात नाही. पण 202 वर थांबलेला माणूस घरी बसला नाही, संयुक्त महाराष्ट्राच्या वाटाघाटींत पुढे होताच. मग सुभाषचंद्र बोस: 1939 च्या जानेवारीत काँग्रेस अध्यक्ष म्हणून निवडून आले, एप्रिलअखेरीस राजीनामा. "जिंकायची घाई असेल तर हे बघा," तुम्ही म्हणालात, "अध्यक्ष तुम्ही आणि कार्यकारिणी दुसऱ्याची, मग खुर्चीचं करायचं काय?" आणि 1907 चं काँग्रेसचं सुरत अधिवेशन. टिळकांच्या गटाला लाला लजपत राय अध्यक्ष हवे होते, लालाजींनीच नाव मागे घेतलं, तरी मोडायचं ते मोडलंच आणि मंडपात जोडा उडाला. जोडा मराठी बनावटीचा होता हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर अभिमान होता की लाज, अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, हे सगळे मोठ्या लोकांचे किस्से, आपली लढाई 143 जणांची. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, 2022 च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या खर्गे-थरूर लढतीतही लोकांना निकाल आधीच माहीत होता. 7897 विरुद्ध 1072. "पण ते 1072 आता कागदावर आहेत ना?"

रात्री वरून फोन आला. वर म्हणजे कुठून ते सगळ्यांना कळतं, नाव कशाला घेऊ. "ताई, यंदा थांबा, तुम्हाला उपाध्यक्ष करतो." खोटं कशाला सांगू, मी विरघळले होते. सकाळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही टेबलावरचं लेटरहेड उचलून डावीकडची बारीक अक्षरं दाखवलीत. "उपाध्यक्ष 27 आहेत. मीच छापून घेतो. तुमच्यासाठी फॉन्ट अजून एक पॉइंट कमी करावा लागेल."

त्या हसण्यात माझा निर्णय झाला. घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, मला वाटलं तू मागच्या आठवड्यातच ठरवलंयस. असो.

सूचक पाच लागतात, तुम्ही म्हणालात सात ठेवा. अर्ज भरायच्या सकाळी दोघांचे फोन बंद. पाच उरले. सभेत ठराव वाचला गेला, मी उठले. माझा आवाज चिरका लागला, हात थरथरत होता. निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. कुणीतरी मागून म्हणालं, "ताई, बसा हो, जेवणं थंड होतायत." मी बसले नाही, कारण माझ्या ओळीतले दोघे आता माझ्याबरोबर उभे होते, आणि मग आणखी तिघं. चिठ्ठ्या मागवाव्या लागल्या. पेटी नव्हती, तर देणगीची पेटी रिकामी करून आणलीत. त्यातल्या नाण्यांची पोच लगोलग लिहायलाही तुम्ही विसरला नाहीत!

131 मतं पडली. समोर 92, मला 38, एक बाद.

दुसऱ्या दिवशी मी आले, तुम्ही पाहिलंतच. जिन्यात तिघं भेटले. एकाने नमस्कार केला, दोघांना एकदम मोबाईल आठवला. वर तुम्ही इतिवृत्त लिहीत होतात. पानावर दोन नावं आणि दोन आकडे, तुमच्या त्याच वळणदार अक्षरात. डोकं वर न करता म्हणालात, "आलात? बादली भरलीय, ओतून या जरा." मी ओतून आले.

यादीची झेरॉक्स या पत्राबरोबर परत पाठवतेय, चहाच्या डागासकट. त्यावर 36 चा गोल अजून आहे. दोन मतं कुठली वाढली ते बघा. काल रात्री एकाचा फोन आला होता, चिठ्ठी तुम्हालाच टाकली म्हणून शपथेवर सांगत होता. नाव पाहिलं तर तुमच्या तिसऱ्या रकान्यातलं, रेघेखालचं. विश्वास ठेवायचा का? शनिवारी चारनंतर येते. चहा या वेळी माझ्याकडून, आणि गळतीसाठी ताडपत्री घेऊन येतेय.

तुमची,
ताई